सव्वीस नंबरचा गहू

द्वारका, नवी दिल्ली
१० डिसेंबर २०२३

ती. दादास,
प्रभाचा दिल्लीच्या धुरक्यातून सा. न. वि. वि.

आज सकाळी तुझा रविवारचा फोन आला. नेहमीसारखं दोन मिनिटं बोललास. चांदवडला थंडी पडली, वहिनींचा गुडघा बरा आहे, गिरणीचा पट्टा बदलला, एवढं सांगून ठेवून दिलास. तुला ऐकू येत नाही हे ठाऊक असूनही मी इकडून बोलतच असते. श्याम हसतो, म्हणतो, यार, तू भिंतीशी गप्पा मारतेस. व्हिडिओ कॉल लावला तर माझे ओठ हलताना बघून तूच हसत सुटतोस, आणि मोबाइलवर लिहिलेलं वाचायला सांगितलं तर अक्षरं मुंगीएवढी म्हणतोस. म्हणून हे पत्र. पन्नास वर्षं गिरणीच्या धडधडीत उभा राहून कान घालवलेस, डोळे तरी नीट सांभाळ.

आता कामाचं. आठवड्याभरात एक पार्सल येईल. त्यात गव्हाच्या दोन पिशव्या आहेत, पाच-पाच किलोच्या. एकीवर ११ लिहिलंय, दुसरीवर २६. दोन्ही माझेच गहू. बारा वर्षांपूर्वी मी एक संकर केला होता, त्यातून निवडत निवडत हे दोन उरले. एकाच आईबापाची लेकरं, पण स्वभाव अगदी वेगळे. देशभरातल्या चाचण्यांचं त्यांचं हे तिसरं आणि शेवटचं वर्ष. पुढच्या ऑगस्टमध्ये वाण मंजूर करणाऱ्या समितीची बैठक होईल आणि ऑक्टोबरअखेर मी निवृत्त. चाचणी झाल्यावर उरलेला गहू संस्थेत आम्हालाच विकतात, त्यातला हा.

कुठल्या नंबरात काय गुण आहे ते मुद्दाम लिहीत नाही. तू दोन्ही स्वतः दळ, वहिनींना पोळ्या करायला सांग आणि जे वाटेल ते खरं कळव. आमच्याकडे पिठासाठी यंत्रं आहेत, चपातीला दहापैकी गुण देणारी माणसंही आहेत. पण त्यातल्या एकानेही पिठात हात घालून आयुष्य काढलेलं नाही.

तुझी भाची सलोनी मजेत आहे. पहाटेच कंपनीच्या बसने मानेसरला जाते, आली की पंजाबीत भांडते. परवा मी तिला कणकेचा उंडा दे म्हटलं, तर म्हणाली, ममा, उंडा म्हणजे काय. मग कळल्यावर म्हणाली, अच्छा, लोई! मला एकदम तुमच्या ओट्यापाशी येऊन बसावंसं वाटलं.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, पत्रही तेवढंच लांब असू दे.
तुझी प्रभा


चांदवड
२ जानेवारी २०२४

चि. सौ. प्रभास,
अ. उ. आ. दोघांकडून.

पार्सल मिळालं. पिशव्यांना शिवण घातली होतीस ती आईच्या हातासारखी होती, उसवायला जिवावर आलं.

दगडांना टाकी लावून घेतली, आधीचं पीठ झाडलं आणि मग तुझे गहू टाकले. अकरा नंबर दिसायला राजबिंडा. टपोरा, सारखा, ओंजळीत घेतला तर वजन कळतं. दोन गिऱ्हाइकांनी विचारलं, कुठून आणला. सव्वीस नंबर बारका, मधाच्या रंगाचा. त्याच्याकडे कोणी पाहिलंही नाही.

हल्ली मला गिरणीचासुद्धा आवाज येत नाही. चौकटीवर हात ठेवतो, धान्य संपत आलं की थरथर बदलते. तर अकरा नंबर भराभर गेला. पीठ पांढरं झालं, पण बोटांत धरलं की कोरडं. सव्वीस नंबरने वेळ घेतला. पीठ बाहेर आलं तेव्हा मी वास घेतला आणि तिथेच उभा राहिलो. लहानपणी आपण गिरणीतून गरम पीठ चिमटीने तोंडात टाकायचो, तसा वास. मग टाकलंही थोडं तोंडात. हसू नकोस.

तुझ्या वहिनीने दोन्हींच्या पोळ्या केल्या. अकराची फुगली छान, तव्यावरून उतरल्या उतरल्या उत्तम. मी दोन्ही डब्यात घेऊन गिरणीवर गेलो. दुपारी दोन वाजता अकराची पोळी दुमडली तर मोडली. सव्वीसची संध्याकाळपर्यंत मऊ होती. वहिनी म्हणते, सव्वीसच्या कणकेने पाणीही जास्त घेतलं, हाताला चिकटली नाही. आता कोणता तुझा लाडका ते तू सांग.

यंदा तरी थोडं जास्त राहा. जूनमध्ये चार दिवस येतेस, त्यात दोन दिवस पिशव्या भरण्यात जातात. इथला गहू हिरवा असताना तू शेवटची कधी आली होतीस, आठवतं का बघ.

श्यामरावांना नमस्कार, सलोनीला उंडा.
तुझा दादा


द्वारका, नवी दिल्ली
१८ फेब्रुवारी २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि. उशिराबद्दल आधीच कान पकडते.

तुझं पत्र मी मेट्रोच्या ब्लू लाइनमध्ये उभ्याने वाचलं आणि शादीपूरला उतरायचं विसरले. आमच्या प्रयोगशाळेने सव्वीसला दहापैकी आठ दशांश दोन गुण दिलेत आणि अकराला सहा दशांश नऊ. तू डब्यावर तेच सांगितलंस.

पण अडचण आहे. सव्वीस हेक्टरी चार क्विंटल कमी उतरतो. अकरा सगळ्यांच्या वर आहे. समिती आधी उतारा बघते. पोळीचं कोष्टक कुठे तरी अकराव्या पानावर असतं. आमच्या केंद्राकडून यंदा मी एकच नाव पाठवू शकते. विभागप्रमुख अंशुमन माझाच विद्यार्थी, गुणी आहे. परवा चहा घेऊन माझ्या खोलीत आला आणि म्हणाला की मॅडम, अकरा पाठवा, बिल्कुल पास होईल, जाताना एक वाण तुमच्या नावावर राहील. खरं आहे त्याचं. बत्तीस वर्षांत पाच वाणांवर माझं नाव आलं, पण कायम चौथं नाही तर सहावं. पहिलं कधीच नाही. दादा, मला ते हवं आहे. तुला म्हणून लिहिते.

सध्या संकराचे दिवस आहेत. सकाळी आठपासून प्लॉटमध्ये स्टूल टाकून बसते. चिमट्याने ओंबीतले कोवळे परागकोश काढायचे, पिशवी चढवायची, तारीख लिहायची. हे काम एक आठवडा चुकलं की वर्ष गेलं.

हिरवा गहू कधी पाहिलास, असं तू विचारलंस. सत्त्याण्णव साली. आईला बरं नाही असा तुझा फोन आला म्हणून धावत आले होते. त्यानंतरच्या फेब्रुवारीत आई गेली, आणि मला कळलं ते सगळं झाल्यावर. तेव्हाही मी अशीच चिमटा घेऊन बसले होते. सव्वीस वर्षांत मी तुला कधी विचारलं नाही. आज विचारते. आई चार दिवस अंथरुणावर होती, मग मला का बोलावलं नाहीस? रागाने विचारत नाही. दर फेब्रुवारीला ओंबी हातात घेतली की हे मनात येतं, आणि आता माझे फेब्रुवारी संपले.

वहिनींना नमस्कार सांग. माया कमी करू नकोस.
तुझी प्रभा


चांदवड
१० मार्च २०२४

चि. सौ. प्रभाताईंस,
वहिनीचे पोटभर आशीर्वाद.

मी कधी पत्र लिहीत नाही हे तुम्हाला ठाऊक. सातवीपर्यंतचं शिक्षण, अक्षर सांभाळून घ्या. तुमच्या दादांनी दोन वेळा कागद घेतला आणि दोन्ही वेळा घडी करून खिशात ठेवला. तुमचं पत्र ते गिरणीवर नेतात आणि परत आणतात. मी म्हटलं, तुम्ही सांगत नसाल तर मी सांगते. पाटीवर लिहून दाखवलं. त्यांनी पाटी पुसून परत माझ्या हातात दिली. मी त्याला हो समजले.

ताई, त्यांनी फोन केला होता. दोन वेळा. तेव्हा घरात फोन नव्हता, बसस्टँडवरच्या बूथवर गेले. मी बरोबर होते. पहिल्या दिवशी तुमच्या ऑफिसातल्या माणसाने सांगितलं की मॅडम शेतात आहेत, बोलावून आणू का. ह्यांनी रिसीव्हर धरून ठेवला आणि मग म्हणाले, नको, राहू द्या. तिसऱ्या दिवशी परत गेलो. परत तेच. सासूबाई तुमची आठवण काढत होत्या, खोटं कशाला लिहू. पण डॉक्टर म्हणत होते उतार पडेल, आणि ह्यांना वाटलं, खात्री करून मगच बोलवावं.

आदल्या वर्षी तुम्ही आलात तेव्हा सासूबाई दोन दिवसांत उठून बसल्या होत्या. तुमचं सगळं काम तिकडे राहिलं, वर्ष वाया गेलं. निघताना बॅग भरताना तुम्ही म्हणालात की दादा, पुढच्या वेळी नीट खात्री करून बोलाव. तुम्ही सहज बोललात, मी तिथेच लाडू बांधत होते, मलाही तेव्हा काही वाटलं नाही. पण ह्यांनी ते धरून ठेवलं. चौथ्या दिवशी पहाटे खात्री झाली आणि बोलावण्यासारखं काही उरलं नाही.

तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. ह्यांनी तुमचा एवढासा शब्द इतकी वर्षं कोणाला सांगितला नाही, मलाही नाही. मी तिथे होते म्हणून मला माहीत. आता दोघं म्हातारे झालात, दोघांनी वेगवेगळं किती दिवस उचलायचं?

गुडघा ठीक आहे. सलोनीला पापा.
तुमची वहिनी, भीमाबाई


द्वारका, नवी दिल्ली
२१ एप्रिल २०२४

दादा,

आज मायना सुचत नाही, नमस्कार तेवढा घे.

वहिनींचं पत्र महिनाभर पर्समध्ये आहे. ते वाक्य मला आठवत नव्हतं. मग एक दिवस आठवलं. ती निळी बॅग, तिची चेन अडकली होती, तू ती ओढत होतास, आणि मी घड्याळ बघत ते बोलले. तुझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि पुढे सव्वीस वर्षं मी मनातल्या मनात तुलाच विचारत राहिले की का बोलावलं नाहीस.

क्षमा माग असं कोणी सांगितलं तर कागदावर दोन शब्द लिहिता येतील. पण ते किती छोटे दिसतात रे.

कापणी झाली. सव्वीस यंदाही चार क्विंटलने मागे. मार्चअखेर ऊन तापलं तेव्हा दोन्ही सारखेच होरपळले. जूनमध्ये येते, मग समोर बसून बोलू. म्हणजे तू बोल, मी पाटीवर लिहीन.
प्रभा


चांदवड
६ मे २०२४

चि. प्रभास,
आशीर्वाद, आणि थोडी रागावणी.

भीमाने लिहायला नको होतं, पण लिहिलं ते खरं. तू महिनाभर रडलीस असं मला वाटतं, ते बंद कर. तू त्या वेळी चौतीस वर्षांची होतीस, नोकरीत नवी, गाडी चुकायची भीती. मीही त्या दिवशी तुला गाडीत बसवल्यावर विसरलो होतो. बूथवर रिसीव्हर हातात आला तेव्हा आठवलं. बोलवायला हवं होतं. तू तुझ्या बोलण्याचं घेऊन बसू नकोस, मीही माझ्या न बोलण्याचं सोडतो. आईला तुझं फार कौतुक होतं. ती शेवटी शेवटी म्हणाली की प्रभाला उन्हात बसवतात का तिथे. मी म्हटलं, टोपी घालते. तिला ते पटलं.

अकरा की सव्वीस ते मी सांगणार नाही. गिरणीवर उताऱ्याची तक्रार घेऊन कोणी येत नाही, कारण माझ्याकडे येतात ते खाणारे. पिकवणाऱ्याचं पोट वजनावर चालतं, हेही मला दिसतं. तुझं नाव पहिलं लागलं तर मी चांदवडभर पेढे वाटीन. नाही लागलं तरी तू माझी बहीण आहेस, हे कुठल्या समितीला विचारायला नको.

जूनची वाट बघतोय. गच्चीवर तुझी खोली झाडून ठेवली आहे.
दादा


द्वारका, नवी दिल्ली
१ सप्टेंबर २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि. आज बरंच साठलंय.

जून तसाच गेला. श्यामच्या छातीत दोन स्टेंट घातले, त्या धावपळीत तिकिटं रद्द करावी लागली. आता तो बरा आहे, सोसायटीच्या बागेत तीन फेऱ्या मारतो आणि पाच सांगतो.

मी सव्वीस पाठवला.

फॉर्म भरताना अंशुमन माझ्या शेजारी बसला होता. मी नंबर लिहिला तेव्हा त्याने चष्मा काढून पुसला आणि इंग्रजीत म्हणाला की मॅडम, परत एकदा विचार करा. मी म्हटलं, बारा वर्षं विचारच केलाय. दादा, यात मोठेपणा काही नाही. मला एवढंच वाटलं की माझं नाव पहिलं लागायचं, तर जी पोळी दुपारी मोडते तिच्यावर नको.

बैठक गेल्या आठवड्यात झाली. माझ्या वाट्याला सात मिनिटं आली. अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले की चपातीचा दर्जा निर्विवाद आहे, पण शेतकऱ्याला बाजारात वजनाचे पैसे मिळतात, चार क्विंटल त्याने कशासाठी सोडायचे. प्रश्न बरोबर होता. प्रस्ताव नामंजूर. बाहेर आल्यावर एक जण चहा देत म्हणाला की अकरा आणला असतात तर आज मिठाई खाल्ली असती. मी बिस्कीट घेतलं.

वाईट वाटलं, खूप वाटलं. घरी आल्यावर साडीसुद्धा न बदलता बसून राहिले. सलोनीने न विचारता पोळ्या केल्या, जाड आणि वेड्यावाकड्या, आणि पहिली पोळी माझ्या ताटात टाकली. मी चारही खाल्ल्या.

सव्वीसचं बियाणं आता संस्थेच्या बीजपेढीत गोठवून ठेवतील. अंशुमन पुढच्या वर्षी त्याचा संकर करणार आहे, उतारा देणाऱ्या दुसऱ्या वाणाशी. त्यातून काही निघालं तरी दहा वर्षं. तेव्हा मी बहात्तरची आणि तू सत्त्याहत्तरचा.

जानेवारीत येते. चार दिवसांसाठी नव्हे. गहू हिरवा असताना.
तुझी प्रभा


द्वारका, नवी दिल्ली
९ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. वहिनींस,
तुमच्या गुडघ्यासकट तुम्हाला सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. डिंकाचे लाडू श्यामला डॉक्टरांनी वर्ज्य केलेत हे सांगूनही त्याने दोन खाल्ले. तीन आठवडे तुमच्याकडे राहून आल्यावर इथल्या घरात मला पाहुण्यासारखं वाटतंय. सकाळी उठून कुठे जायचं नाही. मेट्रोचं कार्ड पर्समध्येच आहे, उगीच हात लावून बघते.

त्या दिवशी आम्ही दोघं चिखलाने माखून आलो तेव्हा तुम्ही विचारलंत, आणि दादाने हात उडवला. तर ऐका. मळ्याच्या वाटेवर शेजाऱ्यांचा गहू ओंबीवर आलाय. विकायला लोकवन आणि घरच्यापुरता शरबती. दादा बांधावर उभा राहिला आणि म्हणाला की तू दिल्लीत नेमकं करतेस काय, ते दाखव. बत्तीस वर्षांत हे त्याने पहिल्यांदा विचारलं. मालकांना सांगून मी लोकवनची एक ओंबी धरली, पर्समधला चिमटा काढला आणि त्याला दाखवलं. मग चिमटा त्याच्या हातात दिला. मला वाटलं होतं, त्या जाड बोटांना ते जमायचं नाही. वहिनी, त्याने इतक्या हलक्या हाताने एकेक परागकोश काढला की मी बघत राहिले. पिठाची सवय असणार. पिशवी त्यानेच चढवली, तारीखही त्यानेच घातली. तीन दिवसांनी आम्ही परत जाऊन शरबतीचे पराग झाडले. त्या दिवशी पाट फुटला होता, म्हणून तो चिखल.

बांधावर बसून तो बराच वेळ बोलला, आईबद्दल, तुमच्याबद्दल. मला खूप सांगायचं होतं, आणि पाटी घरी राहिली होती. मी त्याच्या तळहातावर बोटाने एकच शब्द लिहिला. कोणता ते त्याला विचारा. तो सांगणार नाही.

जीव तिकडेच राहिलाय. त्याच्याकडे लक्ष असू द्या.
तुमची प्रभा


चांदवड
१२ मार्च २०२५

चि. सौ. प्रभास,
अ. उ. आ. आणि एक बातमी.

काल मळ्यात जाऊन पिशवी उघडली. शेजाऱ्यांनी तेवढी ओंबी राखून बाकीचा गहू कापला होता. उघड्या वावरात ती एकटी उभी होती, माझ्या अक्षरातली तारीख अजून दिसत होती. तू म्हणाली होतीस की पहिल्या खेपेला बहुतेक काही धरत नाही. मीही तयारीने गेलो होतो. ओंबी हातावर चोळली, फुंकर मारली. चार दाणे.

बारीक आहेत, सुरकुतलेले. गिऱ्हाइकाने आणले असते तर मी म्हटलं असतं, बाबा, हे पाखडून टाक. मी ते भीमाला दाखवले. तिने कुंकवाची रिकामी डबी दिली, तिच्यात कापूस घालून ठेवले आहेत. आज गिरणीवर डबी खिशातच होती. पन्नास वर्षांत किती खंडी दाणे भरडले त्याची गणती नाही, आणि हे चार सारखे काढून बघत होतो. दुपारी एक बाई दळण घेऊन उभी होती, तिलाही दाखवले. ती म्हणाली असावी की अण्णा, चार दाण्यांचं काय दळणार. ओठांवरून तसं वाटलं.

या संकरातून उपयोगाचं काही निघायचं नाही, हे तू सांगितलं होतंस, ते लक्षात आहे. तरी मला ते पेरायचे आहेत. कधी पेरतात ते शेजाऱ्यांना विचारलं, नोव्हेंबरात म्हणाले. किती खोल, किती अंतरावर, चिमण्यांपासून राखायचे कसे, मला काही माहीत नाही. कागदावर लिहून पाठवू नकोस. मी फोन करून बोलावतोय असं समज. खात्री केलेली नाही.

ये.
दादा